फ्री थ्रो टाकताना लक्ष कुठे ठेवायचं: कोपरावर की रिंगवर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बास्केटबॉलचा एकटीने सराव करताना दहापैकी सात फ्री थ्रो (रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता टाकायचे थ्रो) पडायचे. नवीन प्रशिक्षकांनी ‘कोपर आत, मनगट मोड, जोर गुडघ्यातून’ असं सांगितल्यापासून ते सगळं आठवत टाकलं की चारही पडत नाहीत. मग शरीराकडे लक्ष द्यायचं की नाही? वय 17 लिहिलं आहेस, म्हणून ‘तू’ म्हणतो.

आधी एक सांगतो. तुझे प्रशिक्षक चुकीचं काही सांगत नाहीयेत. कोपर बाहेर जात असेल तर ते आत यायलाच हवं. पण कोपर सुधारायचं तर टाकतानाही कोपराचाच विचार करायला हवा, असं आपण सगळेच धरून चालतो, आणि तिथे घोटाळा होतो. मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय, आणि त्यातली पहिली कितीतरी वर्षं मीही अवयवांची नावं घेऊनच ओरडत होतो.

या विषयावर सगळ्यात जास्त काम हालचाली कशा शिकल्या जातात याच्या संशोधक गाब्रिएले वुल्फ यांनी केलं आहे. विंडसर्फिंगचं (शिडाच्या फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळातलं) एक वळण शिकताना पाय कुठे, वजन कुठे असा विचार केला की त्यांना ते जमेना. फळी किती कलते आहे एवढ्यावरच लक्ष ठेवलं तेव्हा जमू लागलं. मग 1998 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. काही जणांना सांगितलं, ‘बाहेरच्या पायाने जोर दे’. काहींना सांगितलं, ‘बाहेरच्या चाकांवर जोर दे’. चाकं बरोबर पायांखालीच होती, म्हणजे करायचं तेच होतं, फक्त शब्द बदलले होते. चाकांचा विचार करणारे जास्त चांगलं शिकले. पायांचा विचार करणाऱ्यांना, काहीच सूचना न मिळालेल्यांपेक्षा जास्त असं काही मिळालं नाही.

तुझ्या कामाचा प्रयोग 2005 चा आहे, आणि तो फ्री थ्रोवरच केलेला आहे. एकदा मनगटाच्या झटक्यावर लक्ष ठेवून टाकायचं, एकदा रिंगच्या मागच्या कडेच्या मध्यावर. रिंगवर लक्ष असताना नेम जास्त चांगला लागला, आणि दंडाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही स्नायूंमधली विद्युत हालचाल कमी भरली. म्हणजे कमी ताकदीत जास्त अचूक थ्रो. मनगटाचा विचार करताना मनगट एकटं ताठरत नाही, अख्खा हात आखडतो. फ्री थ्रो टाकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं: खांदा किंचित वर चढतो आणि चेंडू सुटण्याआधी हात क्षणभर अडखळतो.

यामागचं कारण मला पटतं ते असं. सवयीची हालचाल शरीर स्वतःच जुळवत असतं. गुडघा थोडा कमी वाकला तर मनगट भर घालतं, आणि हे तुला कळतही नाही. तू मध्येच एका सांध्याचा ताबा घेतलास की ही आपापसातली देवाणघेवाण थांबते. 2001 मध्ये वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोल सांभाळण्याच्या फळीवर हे तपासलं. लक्ष पायांऐवजी फळीवरच्या खुणांवर असलं की फळीची दुरुस्ती बारीक आणि वारंवार होत होती, आणि त्याच वेळी अधूनमधून वाजणाऱ्या आवाजाला प्रतिसादही लवकर मिळत होता. डोकं तेवढं मोकळं होतं.

माझ्याकडे एक मुलगा होता, त्याचं कोपर असंच बाहेर जायचं. दोन आठवडे मी ‘कोपर, कोपर’ करत राहिलो आणि त्याचा थ्रो पार लाकडासारखा झाला. शेवटी कोपराचं नाव घेणं बंद केलं. चेंडू असा धरायला लावला की त्यावरच्या काळ्या रेषा आडव्या येतील, आणि एवढंच सांगितलं: ‘चेंडू हवेत असताना या रेषा सरळ मागे फिरताना दिसल्या पाहिजेत. डगमगल्या तर मला सांग.’ कोपर बाहेर गेलं की हात चेंडूच्या कडेला जातो आणि रेषा वाकड्या फिरतात. ते त्याचं त्याला दिसू लागलं. आठवडाभरात कोपर बरंचसं आत आलं आणि खांदाही उतरला. दुरुस्ती तीच होती, फक्त ती शरीरातून काढून चेंडूत ठेवली.

बऱ्याच जणांचा इथे एक गैरसमज होतो. नजर आणि लक्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. नजर रिंगवर खिळवून मनात कोपर घोळवता येतं, आणि तू बहुधा तेच करते आहेस. ‘रिंगकडे बघतेय की मी’ हे उत्तर पुरेसं नाही.

शरीरावर लक्ष देणं नेहमीच वाईट असंही नाही. मानसशास्त्रज्ञ सायन बीलॉक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये फुटबॉल ड्रिबलिंग तपासलं. तरबेज खेळाडूंना पायाकडे लक्ष द्यायला लावलं तर त्यांच्या सरावाच्या पायाचं ड्रिबलिंग मंदावलं. पण कच्च्या पायाचं सुधारलं, आणि नवशिक्यांनाही फायदा झाला. वजनं उचलून स्नायू वाढवताना तर उलटच दिसतं. 2018 च्या एका अभ्यासात आठ आठवड्यांत स्नायूवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या दंडाची जाडी सरासरी 12.4 टक्के वाढली, फक्त वजन उचलण्यावर लक्ष असलेल्यांची 6.9 टक्के. तिथे हेतूच स्नायूला काम देण्याचा असतो, तुझा हेतू चेंडू रिंगमध्ये घालण्याचा आहे.

आणखी एक सांगायलाच हवं. 2021 मध्ये या सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला आणि तो शरीराबाहेर, म्हणजे चेंडू-रिंगसारख्या गोष्टींवर, लक्ष ठेवण्याच्या बाजूने गेला. 2024 मध्ये दुसऱ्या गटाने फेरतपासणी केली आणि म्हटलं की फरक न दिसलेले प्रयोग छापले जात नाहीत, म्हणून फायदा आहे त्यापेक्षा खूप मोठा भासतो. मला हा आक्षेप रास्त वाटतो. म्हणून जादूची अपेक्षा ठेवू नकोस. पण तुझा थ्रो आधी चांगला होता आणि सूचना डोक्यात घोळायला लागल्यावर बिघडला; अशा वेळी हे करून बघण्यात तुझं काहीच जात नाही.

करायचं असं. प्रशिक्षकांशी बोल, आणि त्यांची प्रत्येक सूचना चेंडू किंवा रिंगच्या भाषेत बदलून मागून घे. ‘मनगट मोड’ऐवजी ‘चेंडूला मागे फिरकी दे’. ‘गुडघ्यातून जोर’ऐवजी ‘जमीन खाली ढकल’. शरीराबद्दल जे बोलायचं ते थ्रोच्या आधी किंवा मोबाईलवर व्हिडिओ बघताना. एकदा रेषेवर उभी राहिलीस की एकच गोष्ट मनात: रिंगच्या मागच्या कडेचा मध्य. दोन गोष्टी ठेवू नकोस, त्या कितीही चांगल्या असल्या तरी. सामन्यात हात थरथरत असतील तेव्हा तर मुळीच नाही, कारण ताणाखाली आपलं लक्ष आपोआप आत वळतं.

रोज 50 थ्रो टाक: 25 सूचना आठवत, 25 फक्त रिंगच्या मागच्या कडेवर लक्ष ठेवून. सुरुवात आलटून पालटून कर, म्हणजे दमल्याचा फरक मध्ये येणार नाही. दोन आठवड्यांनी दोन्हीचे आकडे इथे लिही. चुकलेले थ्रो कुठे आपटले तेही लिहून ठेव. बाजूला जात असतील तर रेषांवर काम करू, आखूड पडत असतील तर पायांवर.