आहेराचा साठा, कोकणातली हवा आणि कोरे झालेले बिल

आपण गुहागरहून लिहिले आहे की, गणपतीपासून मे महिन्यातल्या लग्नसराईपर्यंतचा आहेरांचा खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून आपण वर्षभर सेलमधून वस्तू घेऊन ट्रंकेत भरून ठेवल्या, आणि श्रावणात ट्रंक उघडली तेव्हा दोन रेशमी साड्यांवर बुरशीचे डाग व जरीवर काळपट झाक आढळली. तेव्हा हा खटाटोप सोडून द्यावा की काय, असा आपला प्रश्न आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी हा खटाटोप नऊ वर्षे चालू आहे. तो सोडू नये असे माझे मत आहे, मात्र ट्रंकेत काय ठेवायचे हे बदलावे लागेल. यादी, महिन्याची रक्कम वगैरे आपण ठरवलेच असेल, त्यात मी शिरत नाही.

आपले नुकसान दोन साड्यांचे आहे. माझे झाले ते मिक्सरमुळे, आणि त्यात पैशांपेक्षा शोभा अधिक झाली. 2021 च्या दसऱ्याला मुंबईस गेले असताना एका मोठ्या दुकानात 2,900 रुपयांचा मिक्सर 2,100 ला मिळत होता. घरात पुढच्या दोन वर्षांत तीन लग्ने होणार हे दिसत होते, म्हणून मी तीन घेतले आणि 2,400 रुपये वाचवल्याच्या आनंदात गावी आले. त्यांपैकी एक मे 2023 मध्ये भाचीच्या लग्नात दिला. त्याच वर्षी गणपतीत तिच्या सासरी ओले खोबरे वाटताना त्यातून जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. कोणीतरी तो उलटा करून पाहिला, तर बुडावरच्या चिकटपट्टीवर 03/2021 असे स्पष्ट छापलेले होते. ‘मामीने घरातला जुना मिक्सर दिला की काय’ हे वाक्य मग तीन घरे फिरून माझ्यापर्यंत पोहोचले.

वॉरंटी दोन वर्षांची होती आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. वस्तू आपण कोणाला कधी दिली, याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. म्हणजे भाचीच्या हाती मिक्सर पडला तेव्हाच दोन वर्षांतले जेमतेम पाच महिने उरले होते. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मिक्सर घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुरुस्ती केंद्रात गेले, कारण मुदत अजून संपली नव्हती. एसटीने जाऊन येण्यात अख्खा दिवस गेला, आणि तिथे ‘बिल आणा’ एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले बिल काढले, तर तो कागद दोन्ही बाजूंनी पांढरा होता. उजेडासमोर धरल्यावर फक्त दुकानाच्या नावाची पुसट रेघ दिसली. ही बिले उष्णतेने छापलेली असतात. ऊब, दमट हवा आणि मऊ प्लास्टिकचा संसर्ग यांनी त्यांची अक्षरे उडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी तर त्याला जपण्यासाठीच प्लास्टिकमध्ये घातले होते. दुसऱ्या फेरीला केंद्रातल्या गृहस्थांनी तो कोरा कागद पाहिला आणि ‘बिल नसेल तर बनवल्याच्या तारखेपासून धरतो’ असे सांगितले. त्या हिशेबाने मुदत मार्चमध्येच संपली होती. मुंबईच्या दुकानातून नक्कल मागवू का, असे विचारले तर ‘मागवा, बघू’ म्हणाले. ती नक्कल घेऊन तिसऱ्यांदा गेले तोवर नवरात्र उलटून गेले होते. तेव्हा त्याच गृहस्थांनी तारीख पाहून, आता दोन वर्षे पूर्ण झाली असे शांतपणे सांगितले. पहिल्या फेरीची नोंद त्यांच्या वहीत नव्हती, आणि मी पोचपावती मागितली नव्हती. शेवटी भाचीला 3,200 रुपयांचा नवा मिक्सर घेऊन दिला. वाचवलेले 2,400 गेले, वर 800 गेले आणि एसटीचे भाडे वेगळे.

मी कायद्याची जाणकार नाही, त्यामुळे हे केवळ अनुभवाचे बोल समजावेत. बिलाचा फोटो दुकानातच काढावा, केंद्रात वस्तू नेली की तारखेची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि टोलवाटोलवी सुरू झाली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करावा. मला तो क्रमांक सगळे संपल्यावर कळला. विजेवर चालणारी वस्तू साठ्यात ठेवूच नये, या मतावर मात्र मी ठाम आहे, मग सूट कितीही असो.

आता साड्या. आपल्याकडची जांभ्याची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरून असते, आणि भिंतीला टेकलेले कपाट किंवा जमिनीवर ठेवलेली ट्रंक ती ओल आत घेते. दुकानाची प्लास्टिक पिशवी आतला दमटपणा कोंडते, तर पुठ्ठ्याचा खोका स्वतःच ओला होतो आणि कसर व वाळवी यांना आमंत्रण देतो. रेशमी साडी जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, घडी दर दोन महिन्यांनी बदलावी आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. पावसाची उघडीप मिळाली की कपाट उघडे टाकावे. एवढी उस्तवार होणार नसेल तर रेशमी साडी ऐन लग्नाच्या तोंडावरच घ्यावी. तिच्यावर वाचणारे चार-पाचशे रुपये या कष्टांपुढे फार नाहीत.

साठवण्यासारखे ते स्टील, पितळ आणि चांदी. पितळ काळवंडले तरी आमसुलाने लख्ख होते. चांदीला रबरबँड मात्र लावू नये, त्याने ती काळी पडते. भांड्यावर नाव आधी घालून ठेवू नये, कारण कोणाचे लग्न पुढे जाईल आणि कोणाचे मोडेल हे सांगता येत नाही. अधिक महिन्यातले जावयाचे वाण तर पंचांगात कितीतरी आधी दिसते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. त्यामुळे चांदीचे निरांजन भाव पाहून सवडीने घेता येते. सवडीलाही दैवाची साथ लागते म्हणा: मी 2025 च्या जूनमध्ये डझनभर स्टीलचे डबे घेतले आणि 22 सप्टेंबरपासून भांड्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला.

काजूगर मे महिन्यात स्वस्त दिसले तरी दिवाळीच्या भेटीसाठी साधे पिशवीत भरून ठेवू नयेत, ते खवट होतात. याउलट एप्रिल-मेमध्ये घरी केलेली आमसुले आणि मीठ घातलेले आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, वर्षभर टिकते. गणपतीनंतर परत निघालेल्या चाकरमान्यांच्या हाती आम्ही तेच देतो आणि पुढच्या वर्षी ते मागून नेतात.

आपल्या त्या दोन साड्या कोणाला देऊ नयेत. बुरशी कोरडी असेल तर उन्हात धरून मऊ ब्रशने झटकावी, पिवळे डाग असतील तर ड्रायक्लीनिंगला द्याव्यात आणि आपणच नेसाव्यात. आमच्याकडचा तिसरा मिक्सर मी असाच घरात काढला, आणि तो मात्र अजून एकदाही बिघडलेला नाही.