गोल्फ खेळतो, वय 38, हँडिकॅप 16, ठाण्यात राहतो, वेळ फक्त शनिवार-रविवार. पाच वर्षांत स्क्रॅच होता येईल का?

बहुतेक नाही. हँडिकॅप म्हणजे पारवर (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांवर) साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला, आणि स्क्रॅच म्हणजे शून्य. 16 वरून 10 वर याल, नीट शिकलात तर 7-8 वरही याल. त्याच्या खालचा प्रत्येक आकडा वीकेंडवाल्याला रक्त आटवायला लावतो.

एवढंच सांगून मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ लिहिलीत: "आमच्या ग्रुपमधला एक जण सहा महिन्यांत 14 वरून 5 वर आला, त्याअर्थी शक्य असावं." त्या गृहस्थांचं स्कोअरकार्ड तुम्ही कधी पाहिलंय का? एकेका होलाचं? मी अशाच एका माणसाबरोबर कित्येक वर्षं खेळतोय. तो माझा साडू आहे, त्यामुळे खेळणं टाळताही येत नाही.

हँडिकॅप कसा निघतो ते तुम्हाला माहीत असणार, पण बरेच जण त्यातली मेख विसरतात. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे. शेवटच्या 20 कार्डांपैकी सर्वांत चांगली 8 घ्यायची आणि त्यांच्या डिफरन्शिअलची, म्हणजे कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे जुळवलेल्या फरकाची, सरासरी काढायची. म्हणजे स्क्रॅच माणूस रोज पार खेळत नाही. त्याचा नेहमीचा राउंड कोर्स रेटिंगच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूसाठी धरलेल्या स्कोअरच्या, दोन-तीन फटके वरच असतो. हे ऐकून हुरूप येत असेल तर उलटा हिशोबही करा. 71.2 रेटिंग आणि 125 स्लोपच्या (साधारण खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा, मध्यम 113) कोर्सवर तुम्ही 78 मारलेत, अगदी झकास राउंड, तर रेटिंगच्या वरच्या 6.8 फटक्यांना 113 ने गुणून 125 ने भागायचं. उत्तर येतं 6.1. मित्रांना फोटो पाठवावा असा राउंड, आणि तो फक्त सहाच्या लायकीचा. स्क्रॅच व्हायला तुमच्या चांगल्या आठ राउंडची सरासरी तिथे 71 च्या आसपास हवी.

आता साडू. बॉल माझ्यापेक्षा लांब मारतो, हे आधीच कबूल करतो. आम्ही दोघं खारघरला शिकलो. चेंबूरला प्रेसिडेन्सी 1927 पासून आहे, पण आमच्यासारख्यांना मेंबरशिपचं नाव काढायची सोय नव्हती. सिडकोने डोंगराखाली कोर्स केला, पैसे भरा आणि खेळा, म्हणून वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप चालवणारा माझ्यासारखा माणूस गोल्फ खेळू शकला. सुरुवातीची दोनेक वर्षं आम्ही दोघं सारख्याच हँडिकॅपवर होतो. मग त्याला एक ग्रुप मिळाला. चौघं मोठ्या हुद्द्यावरचे, सगळे घाईत. त्या ग्रुपमध्ये एक रीत होती. बॉल होलापासून पटरच्या (छोट्या फटक्यांच्या काठीच्या) दांड्याएवढ्या अंतरात आला की कोणीतरी म्हणायचं, "दिला." की बॉल उचलायचा. हळूहळू दांडा लांबत गेला. मी एकदा त्यांच्यात खेळलो तेव्हा पाच-सहा फुटांचे पट (बॉल होलात ढकलायचे फटके) सर्रास दिले जात होते. पहिल्या टीवर (सुरुवातीच्या जागी) ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, झाडीत गेला तर दुसरा बॉल मोफत. आणि वाईट राउंड कार्डावर चढायचाच नाही, "आज प्रॅक्टिस होती" म्हणून.

असं करून साडू वर्षभरात 2.4 वर आला. सासुरवाडीला गणपतीत जेवायला बसलो की विषय निघायचाच. "दादा, तुम्ही अजून सातवर?" सासरेबुवांना सात मोठा की दोन मोठा हेच कळत नव्हतं. त्यांना वाटायचं सात मिळवणारा पुढे असेल. तेवढंच समाधान.

पाच फूट म्हणजे किती, ते जरा बघू. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या मालिकेत, प्रत्येक फटका मोजला जातो, त्यामुळे हे आकडे उघड आहेत. तीन फुटांवरून ते लोक शंभरात 96 पट घालतात. पाच फुटांवरून 77. आठ फुटांवरून निम्मेच. म्हणजे ज्यांची रोजीरोटी यावर आहे ते पाच फुटांवरून चारात एक चुकवतात, आणि आमचा साडू शंभरात शंभर घालतो, कारण त्याला तो मारावाच लागत नाही. राउंडमध्ये असे सहा-सात पट सोडून द्या आणि बघा हँडिकॅप कसा उतरतो.

मग पुण्याला एका कंपनीची स्पर्धा होती. दोघांनाही आमंत्रण होतं. स्ट्रोक प्ले, म्हणजे प्रत्येक फटका मोजायचा, आणि प्रत्येकाला अनोळखी मार्कर, म्हणजे त्याचं कार्ड लिहिणारा. आमच्या चौघांच्या गटात साडूचं कार्ड एका निवृत्त फौजी काकांकडे होतं. पांढरी मिशी, टोपीला पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं.

पहिला होल, पार चार. साडूने ड्राइव्ह असा मारला की मागचा ग्रुप बघत राहिला. दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर, होलाभोवतीच्या बारीक गवतावर. पहिला पट होलाच्या चार फूट पुढे गेला. उतारावरचा, डावीकडून उजवीकडे वळणारा. साडू चालत गेला, वाकला, बॉल उचलून खिशात टाकला आणि पुढच्या टीकडे निघाला. खरंच अगदी सवयीने, चहा पिऊन कप खाली ठेवावा तसा.

काका जागचे हलले नाहीत. "बॉल उचललात?"

"हो. दिला ना."

"कोणी दिला?"

साडूने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पटाची लाइन बघत होतो.

काकांनी आवाज न चढवता सांगितलं की स्ट्रोक प्लेमध्ये कोणी कोणाला पट देत नाही, जागेवर खूण न करता बॉल उचलल्याचा एक फटका दंड, बॉल होता तिथे ठेवा आणि होलात घाला, नाहीतर पुढच्या टीवरून मारलात की स्पर्धेतून बाद. साडूने बॉल ठेवला. पहिला पट होलाच्या कडेला लागून खाली घरंगळला. परतीचा अर्ध्यात थांबला. तिसरा गेला. आधीचे तीन, दंडाचा एक आणि हे तीन: कार्डावर सात. ग्रीनवर दोन फटक्यांत पोचलेल्या माणसाचे सात.

त्यानंतर दिवसभर त्याचा हात थरथरत होता. प्रत्येक छोट्या पटावर काका शांतपणे उभे. 94 झाले. माझे 83, म्हणजे मीही काही दिवे लावले नाहीत, पण सातवाल्याने 83 मारावेत यात नवल नाही. 2.4 वाल्याने 94 मारणं हे मात्र नवल आहे.

परत येताना एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलला थांबलो. वडापाव हातात घेऊन साडू म्हणाला, "दादा, तुम्ही बोलला असतात तर?" आता हा वाद आमच्या घरात आजही चालू आहे. त्याचं म्हणणं, मी मुद्दाम गप्प राहिलो. बायकोचं आणि मेव्हणीचंही तेच मत, दोघींनी आयुष्यात पटर हातात धरलेला नाही तरी. माझं म्हणणं सोपं आहे. नियमांची माहिती देणं हा सल्ला धरत नाहीत, तेव्हा मी सांगितलं असतं तर चाललं असतं, बरोबर. पण पहिला होल वाचवला असता तर दुसऱ्यावरचा चार फुटांचा पट कोण मारणार होतं? मी? त्या दिवशी त्याला दंड एकच फटक्याचा झाला, बाकीचे सगळे त्याचे स्वतःचे होते. ॲपवर तो आज 1.9 आहे, आणि पुणं म्हणजे "कोर्स अनोळखी होता."

असो. तुमच्याकडे वळतो.

तुमचा ड्राइव्ह किती जातो ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरं तर तोच पहिला प्रश्न आहे. कोर्सचं रेटिंग काढताना स्क्रॅच पुरुष म्हणजे सरासरी 250 यार्ड टी शॉट मारणारा आणि 470 यार्डांचा होल दोन फटक्यांत गाठणारा असं धरतात. बोगी गोल्फर (साधारण खेळाडू) 200 यार्डवाला. तुम्ही 210 मारत असाल तर पटिंग कितीही सुधारा, स्क्रॅच विसरा. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या आणि हौशी खेळाडूंच्या फटक्यांचा हिशोब मांडलाय. चांगला आणि साधारण खेळाडू यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांबाहेरच्या फटक्यांत पडतो. "पटिंगवरच पैसे मिळतात" हे कॅडीपासून कोचपर्यंत सगळे ऐकवतात, पण त्यांनी हे आकडे बघितलेले नसतात. तेव्हा धडे घ्यायचे ते आयर्न आणि ड्रायव्हरचे, लांब फटक्यांच्या काठ्यांचे. छोटे पट घरी करा. हॉलमध्ये सतरंजी पसरा, रुपयाचं नाणं ठेवा, चार फुटांवरून मारत बसा, बायको ओरडेपर्यंत. चिपिंग (बॉल उचलून टाकायचे छोटे फटके) मात्र फ्लॅटमध्ये करू नका, शोकेसची काच महाग असते.

शनिवार-रविवारचं गणितही ठाणेकराला वेगळं पडतं. पहाटे पाचला निघालात तर विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने खारघर सुसाट. परतीला साडेदहानंतर तोच रस्ता आणि तुम्ही, दोघंही तापलेले. जून ते सप्टेंबर तर बोलूच नका. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी आणि फेअरवेवर चिखलात रुतलेला बॉल. म्हणजे वर्षाचे चांगले महिने आठ. त्यातून लग्नं, मुलांच्या परीक्षा आणि ऑफिस वजा करा. एक दिवस फक्त धडा आणि रेंज (सरावाचं मैदान), एक दिवस फक्त कार्ड, असं वाटून घ्या. दोन्ही दिवस राउंड खेळणारे तिथेच राहतात, मी त्यांची तोंडं ओळखतो.

आणि वेळ असला तरी काय होतं तेही सांगतो. अमेरिकेत पोर्टलंडला डॅन मॅक्लॉफ्लिन नावाचा फोटोग्राफर होता. गोल्फ जवळजवळ खेळलेलाच नव्हता. 2010 मध्ये नोकरी सोडली आणि 10,000 तास सराव करून प्रो व्हायचं ठरवलं. तो 2.6 पर्यंत आला. चेष्टा नाही, पण पूर्ण वेळ देऊन 2.6. नंतर पाठीने दगा दिला आणि सगळं थांबलं. तुमचं वय 38 आहे, दिवसभर खुर्चीत बसत असाल, तर कंबर आणि पाठ यांचा व्यायाम आधी, नवा ड्रायव्हर नंतर.

न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर साडू खाली कॉमेंट टाकेल. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत) पट सोडणं पूर्ण कायदेशीर आहे. हँडिकॅपसाठीही नियम तसं धरतो: ग्रीनवर पाच फुटांच्या आत असताना होल पुरा केला नाहीत, तर एक फटका धरून आकडा लिहायचा. म्हणजे मित्रांमधल्या मॅचमध्ये त्याचा आकडा कागदावर चुकला नसता. पण त्यांची मॅच नसायचीच, स्ट्रोक प्लेच चालायचा. मोफतचा दुसरा बॉल आणि न चढवलेली कार्डं कुठल्या नियमात बसतात तेही त्याने सांगावं. दुसरं, कोणी लहानपणी क्रिकेट किंवा हॉकी बऱ्यापैकी खेळलेला असेल तर त्याचा हात लवकर बसतो. तुम्ही त्यातले असाल तर माझं वरचं "बहुतेक नाही" थोडं सैल करा.

तुमच्या 16 बद्दल मला शंका आहे, स्पष्टच सांगतो. ऑक्टोबरपासून 20 राउंड असे खेळा की प्रत्येक पट होलात गेला पाहिजे, प्रत्येक ओबीला (हद्दीबाहेर गेलेल्या बॉलला) दंड लागला पाहिजे, आणि नव्वदीतलं, शंभरीतलं कार्डसुद्धा चढलं पाहिजे. कार्ड ग्रुपमधल्या त्या 5 वाल्याकडे देऊ नका, अनोळखी माणसाकडे द्या. मार्चच्या आसपास जो आकडा येईल तो बहुधा 18-19 असेल. तो इथे लिहा, मग पाच वर्षांचं बोलू.