मुलगी सड्यावरची फुलं काढत बसते, तिचं पुढे काय?

पत्र: "आमची मुलगी 24 वर्षांची आहे. मुंबईत अप्लाइड आर्टची बीएफए केली आणि आता घरून इलस्ट्रेशनची कामं करते. दोन वर्षांत चार समूह प्रदर्शनांत चित्रं लावली. दर वेळची वर्गणी, फ्रेम, प्रवास हा खर्च आम्हीच केला. विकलं गेलं एकच चित्र, तेही तिच्या मावशीने घेतलं. पावसाळा लागला की हातातली कामं लांबवून सड्यावर, म्हणजे इथल्या कातळाच्या पठारावर जाते आणि फुलं काढत बसते. त्या वह्यांचं आजवर कुणी काही विचारलेलं नाही. पुण्याच्या एका ई-लर्निंग कंपनीत डिझायनरची नोकरी मिळते आहे, पण 'नोकरी घेतली की माझं काम संपलं' म्हणते. मी दोन वर्षांनी बँकेतून निवृत्त होईन. या प्रदर्शनांना काही अर्थ आहे का? स्थिरस्थावर होईपर्यंत तिने हे छंद बंद ठेवावेत का? आणि नोकरीबद्दल मी तिला काय सांगू?" – एक वडील, रत्नागिरी

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही तिच्या वहीतल्या काही पानांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. तुमचे प्रश्न वाचून मी एक उत्तर दिलं असतं, ती पानं पाहून दुसरं देतो आहे.

दीपकाडी या सड्यावरच्या फुलाचं पान घ्या. शेजारी तारीख, सड्याचं नाव, पाऊस किती दिवसांपूर्वी लागला याची नोंद आणि सेंटिमीटरची बारीक मोजपट्टी आहे. पुढच्या पानावर सीतेची आसवं. ही वनस्पती कीटकभक्षी आहे आणि तिचे किडे पकडणारे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत दडलेले असतात. हौशी चित्रकार वरचं निळं फूल काढतो आणि उठतो. तुमच्या मुलीने मातीखालचे फुगेही मोठे करून काढले आहेत. म्हणजे तिने माती बाजूला करून, भिंगातून पाहून, ते समजून घेतलं आहे. याला मी छंद म्हणणार नाही. तिच्याकडे आज जे जे आहे त्यात सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि त्याला अजून भाव आलेला नाही म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. यात तुमचा दोष नाही. या व्यवसायात कुठल्या कामाचे पैसे कुठून येतात हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. तुम्ही प्रदर्शनाकडून कमाईची अपेक्षा धरलीत आणि वहीला विरंगुळा मानलंत, तिथेच हिशेब चुकतो आहे.

इलस्ट्रेटरला काम देणारा माणूस शंभर चित्रकारांची पानं चाळतो. त्यातल्या बहुतेकांचा हात चांगला असतो. आता तर बरं दिसणारं, गुळगुळीत चित्र संगणकाला दोन ओळी सांगूनही मिळतं, त्यामुळे कुणालाही जमेल अशा चित्राचा भाव खाली येतो आहे. टिकतो तो एखाद्या विषयात खोल गेलेला माणूस. गोव्याचे कार्ल डिसिल्व्हा यांचं उदाहरण पाहा. त्यांना पक्ष्यांचा ध्यास होता. त्या ध्यासापायी काढलेल्या चित्रांतूनच ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामाशी जोडले गेले आणि भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्यांची चित्रं आली. 'मला काहीही काढता येतं' असं सांगणाऱ्याला अशी कामं मिळत नाहीत. कातळसड्यावरची पावसाळी वनस्पती हातात भिंग घेऊन, अचूक आणि तरीही देखणी काढणारी माणसं महाराष्ट्रात किती असतील? त्यात रत्नागिरीत राहणारी, जूनच्या पहिल्या पावसानंतर अर्ध्या तासात सड्यावर पोहोचू शकणारी किती? तुमच्या मुलीला हा फायदा जन्मानेच मिळाला आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: नाही, वह्या बंद ठेवू नयेत. बाकी सगळं पुढेमागे करता येईल, पण सड्याचा एक हंगाम गेला की वर्ष गेलं. तिथली फुलं आठवड्या-आठवड्याला बदलतात. अशी पाच-सहा वर्षांची सलग नोंद झाली की ती पुस्तक करू पाहणाऱ्या प्रकाशकाच्या, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या, निसर्ग माहिती केंद्राचे फलक करणाऱ्याच्या कामाची होते. वर्षाआड केलेल्या तुटक नोंदीला ती किंमत येत नाही.

आता प्रदर्शनांबद्दल. इथे तुमची शंका निम्मी खरी आहे.

समूह प्रदर्शनाच्या नावाखाली आज एक वेगळाच धंदा चालतो. कुणीतरी हॉल घेतो, पन्नास-साठ जणांकडून सहभाग शुल्क घेतो, निवड कसलीच करत नाही, शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र आणि ट्रॉफी देतो. आयोजकाची कमाई शुल्कातूनच झालेली असते, त्यामुळे चित्र विकलं जावं, योग्य माणसाने ते पाहावं याची त्याला गरजच नसते. चारपैकी अशी किती होती ते मुलीला विचारा. असल्या प्रदर्शनाला इथून पुढे एक रुपयाही देऊ नका, असं मी अगदी निक्षून सांगतो. चित्रकाराच्या उमेदीवर पोट भरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण मित्रांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, एकमेकांच्या चित्रांवर वाद घालून उभं केलेलं प्रदर्शन ही वेगळी गोष्ट आहे. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आठवा. 1947 मध्ये मुंबईत सहा जण एकत्र आले: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. 1949 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचं प्रदर्शन झालं. त्याआधीच्या वर्षांत हुसेन सिनेमाचे होर्डिंग रंगवत होते, फर्निचरच्या आणि खेळण्यांच्या दुकानासाठी डिझाइन करत होते. रझा दिवसभर छपाईचे ठसे करणाऱ्या एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करायचे. आरांनी तर घरकाम आणि गाड्या धुण्याचं काम केलेलं. प्रदर्शनावर कुणाचंच घर चालत नव्हतं. सूझा 1949 मध्येच लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा फ्रान्सला, म्हणजे गट असा फार टिकलाही नाही. तरीही त्या थोड्या काळात त्यांना एकमेकांची नजर मिळाली. कुणाचं काम कुठे कच्चं आहे हे तोंडावर सांगणारी माणसं मिळाली.

रत्नागिरीत घरी बसून काम करणाऱ्या मुलीला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. कॉलेजात शेजारच्या बाकावर कुणीतरी असायचं, आता कुणी नाही. समूह प्रदर्शनामुळे तिला एक तारीख मिळते आणि त्या तारखेपर्यंत काम पुरं करावंच लागतं. चित्र भिंतीवर लागलं की स्वतःलाच त्यातलं उणं दिसतं, मोबाइलच्या पडद्यावर ते दिसत नाही. शिवाय बरोबरीच्या चित्रकाराकडे जास्त आलेलं काम सरकत सरकत आपल्याकडे येतं. इलस्ट्रेशनच्या क्षेत्रात ओळखीतून मिळणारी कामं जाहिरात देऊन मिळणाऱ्या कामांपेक्षा जास्त असतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तेव्हा वर्षाला एकच प्रदर्शन करा, पण निवडून. गट पाच-सात जणांचा असावा आणि सगळ्यांच्या कामात काही धागा असावा. तिने तिथे सुटी तीन चित्रं लावू नयेत. एका सड्याचा पावसाळा अशी सलग मालिका लावावी. मूळ चित्राची किंमत सामान्य प्रेक्षकाला झेपत नाही, म्हणून चांगल्या कागदावरचे सही-क्रमांकाचे प्रिंट आणि पोस्टकार्डंही टेबलावर ठेवावीत. वही काचेखाली उघडी ठेवावी, लोक तिच्यापाशी सगळ्यात जास्त रेंगाळतील. अभिप्रायाच्या वहीत नुसतं 'सुंदर' लिहून घेऊ नये, येणाऱ्याचा व्यवसाय आणि फोनही लिहून घ्यावा आणि आठवडाभरात त्यांच्याशी बोलावं. उद्घाटनाला नातेवाईक येतातच. जवळच्या कॉलेजांतले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक, बालसाहित्याचे प्रकाशक, सड्यांवर अभ्यास करणारी मंडळी यांना मात्र स्वतः फोन करून बोलवावं लागतं.

याखेरीज परीक्षकांकडून निवड होणाऱ्या प्रदर्शनांत चित्र पाठवत राहावं: 1888 पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचं, आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, ज्यात उपयोजित कलेचा, म्हणजे अप्लाइड आर्टचा विभाग असतो. तिथे नाकारलं जाणंही उपयोगी पडतं, कारण निवडलेली कामं समोर लटकलेली असतात आणि आपलं त्यांच्याशी ताडून पाहता येतं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला बराच काळ जातो. मनात असेल तर गटाने अर्ज आत्ताच करावा.

पैसे येतात ते पुस्तकांतून, पाठ्यपुस्तकांतून, मासिकांतून, माहितीफलकांतून, पॅकेजिंगमधून. बालभारतीची पुस्तकं उघडून पाहा, चित्रकारांची नावं छापलेली असतात. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मुलांची पुस्तकं तिने घरी मांडून अभ्यासावीत. दिवाळी अंकांचं मानधन फार नसतं, पण मराठी वाचकाच्या घरात चित्रकाराचं नाव पोहोचतं ते तिथूनच. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल असेच मुखपृष्ठांमधून आणि 1945 मध्ये सुरू केलेल्या 'दीपावली' या अंकातून घराघरांत गेले. दिवाळी अंकांची चित्रं साधारण गणपतीच्या आगेमागे लागतात, म्हणून संपादकांना नमुने उन्हाळ्यातच पाठवलेले बरे.

काम घेताना दोन गोष्टी लेखी हव्यात. पहिली, नाव छापण्याची. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात 1847 ते 1850 च्या सुमारास एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराने झाडाफुलांची अप्रतिम चित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांचं नाव सगळीकडे आहे, चित्रकाराचं कुठेच नोंदलेलं नाही. तिच्याच विषयात, तिच्याच मुलुखात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी काम केलेल्या या माणसाची चित्रं तिने जरूर पाहावीत.

दुसरी, हक्काची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र रंगवलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणून 'अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीपुरता वापर, मूळ चित्र आणि बाकीचे हक्क चित्रकाराकडे' एवढं वाक्य प्रत्येक कामाच्या ई-मेलमध्ये असलंच पाहिजे, आणि समोरच्याचा होकारही तिथेच घ्यावा. हक्क देऊन टाकायचेच असतील तर करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत. कागद वाचण्याची तुमची सवय तिला इथे चित्रकलेच्या कुठल्याही शिक्षकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

राहिली नोकरी. ती तिने घ्यावी, असं माझं मत आहे. तुमची निवृत्ती जवळ आली आहे आणि कागद-रंग-फ्रेमचा खर्च तिचा तिने उचलणं तिच्याच मानासाठी गरजेचं आहे. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत होते, आणि त्याच काळात त्यांच्या रेषेने मराठी दिवाळी अंक आणि पुस्तकं भरून टाकली. नोकरीने काम संपतं हे खरं नाही. पण तिची भीती पोकळ आहे असंही समजू नका. दिवसभर पडद्यासमोर दुसऱ्याची चित्रं करून आल्यावर संध्याकाळी हात उचलत नाही. तिला सकाळचे तास राखावे लागतील. पुण्याहून सडा लांब पडेल, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये काही आठवडे रत्नागिरीतून काम करण्याची मुभा तिने मुलाखतीतच मागावी. ई-लर्निंगचं काम पुष्कळसं घरून होतं, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. कंपनी नाही म्हणाली तर रजा कशा साठवायच्या ते आधीच ठरवावं. एवढं करूनही पावसाळा पूर्णपणे हातचा जाणार असेल, तर ही नोकरी सोडून रत्नागिरीत अर्धवेळ काहीतरी पाहावं, पगार कमी असला तरी.

आणि नियुक्तिपत्र नीट वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी कंपनीची असते, ते रास्तच आहे. पण काही नियुक्तिपत्रांत 'नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती कंपनीची' असं सरसकट लिहिलेलं असतं. तसं असेल तर तिच्या सड्याच्या वह्या, प्रदर्शनातली चित्रं आणि कार्यालयीन वेळेबाहेरची पुस्तकांची कामं त्यातून स्पष्टपणे वगळून घ्या. एचआरकडे लेखी मागितलं तर ते बहुधा अडत नाहीत. मसुदा हातात आला की सही होण्याआधी मला पाठवा, मी ते कलम पाहून देईन.