एमआरआय लपवून काढलेली मेडिक्लेम आधी निकाली काढा

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडील (नाना) 69 वर्षांचे, केळीची बाग तेच बघतात. कमरेच्या मणक्यात जागा कमी होऊन नस दबलीय, एमआरआय गेल्या पावसाळ्यातला. जळगावात नस मोकळी करायचे 1.6 लाख सांगितले, नाशिकला मणक्यात दोन ठिकाणी स्क्रू-रॉड टाकून 4.5 लाख. एफडी 5 लाखांची, सव्वासात टक्क्यांची. 'एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू? की मोठंच ऑपरेशन करून टाकू, म्हणजे नाना पुन्हा घड उचलतील आणि मजुरीचे वर्षाला 60 हजार वाचतील? मेडिक्लेमही काढलीय, वर्षाला 42 हजार हप्त्याची, कागद येऊन अठरा दिवस झाले. एजंट म्हणाला, एमआरआयचं लिहू नका, तीन वर्षं काढा, मग सगळं कॅशलेस.'

भाऊ, एफडीचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे, तो नंतर. खरं दुखणं तुमच्या शेवटच्या ओळीत आहे.

फॉर्मवर 'पूर्वीचा आजार: नाही' असं लिहिलंय आणि त्याखाली सही किंवा ओटीपी तुमचा आहे. एजंटला कमिशन मिळालं, खोटं तुमच्या नावावर राहिलं. क्लेम गेला की कंपनी पहिल्या तपासणीचा कागद मागते. डिस्चार्ज कार्डावर त्रास किती दिवसांपासून आहे ते लिहिलेलं असतं. एमआरआयच्या फिल्मवर तर कोपऱ्यात नाव, वय आणि तारीख छापलेलीच असते. तीन वर्षांची प्रतीक्षा आहे ती आजार सांगणाऱ्यासाठी. लपवणाऱ्याचा क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. 60 महिने सलग हप्ते भरले की जुना मुद्दा उकरता येत नाही हे खरं, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तीही सवलत नाही.

बरं, समजा पचलं. तीन वर्षं संपून क्लेम करायचा तर चौथा हप्ताही भरावा लागतो; चार हप्ते म्हणजे 1 लाख 68 हजार, वयानुसार वाढले तर जास्तच. या वयाच्या पॉलिसीत 20 टक्के को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) सर्रास असतो, तुमच्या कागदात तो शोधा. असेल तर 1.6 लाखांवर 32 हजार खिशातून. झाले दोन लाख. आज 1.6 लाखात होणारं काम तुम्ही तीन वर्षांनी दोन लाखांना 'फुकट' करून घेणार, आणि तोवर नस दबलेलीच!

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्याकडे बारा दिवस उरलेत. आजच कंपनीला ईमेल करा: एमआरआय अमुक तारखेचा, फॉर्मवर राहून गेला, सोबत रिपोर्ट जोडला आहे. हप्ता वाढवून किंवा मणक्यापुरती प्रतीक्षा लावून त्यांनी लेखी मान्य केलं तर पॉलिसी ठेवा, हृदयाला-अपघाताला कामी येईल. आजपासून दहाव्या दिवसापर्यंत लेखी उत्तर नसेल तर परत करा. एजंटमार्फत नको, थेट कंपनीला.

आता ऑपरेशन. 1.6 लाखवाल्यात नसेवर दाब देणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढतात. 4.5 लाखवाल्यात तेवढं करून वर मणके जोडतात: दोन ठिकाणांसाठी साधारण सहा स्क्रू आणि दोन रॉड, शिवाय केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा ठोकळा). फरकाचे तीन लाख बहुतांशी या सामानाचे आणि जास्तीच्या मुक्कामाचे. मणका सरकलेला किंवा हलता असेल तर या खर्चाला अर्थ असू शकतो. तो हलतो का, हे पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या साध्या एक्स-रेवर बरंचसं दिसतं. तो काढला नसेल तर आधी काढा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या 247 रुग्णांच्या चाचणीत मणके जोडल्याने दोन वर्षांनी जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा मणका थोडा सरकलेलाही होता. हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू सैल होतात, आणि जोडलेल्या भागाशेजारच्या मणक्यावर ताण वाढतो. म्हणून नाशिकच्या डॉक्टरांना एकच विचारा: जोडायची गरज कोणत्या फोटोत दिसते?

साठ हजारांचं स्वप्न मात्र हिशोबातून काढा. चालताना पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं, तो त्रास या ऑपरेशनने बऱ्याचदा कमी होतो. कंबरदुखीचा तेवढा भरवसा नाही. आणि 69व्या वर्षी, मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने घड उचलायचे? मजूर लागणारच.

एक रुपया काढण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा. राज्य सरकारच्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, जुन्या आजाराला प्रतीक्षा नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशनचं नेमकं नाव यादीत आहे का, हे तिथेच कळेल. सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही नानांना मिळेल.

तरीही पैसे लागलेच तर एफडी मोडू नका, सोन्यालाही हात लावू नका. एफडीवरच 1.6 लाखांचं कर्ज घ्या. व्याजदर साधारण एक टक्का जास्त, म्हणजे वर्षाला निव्वळ 1,600 रुपयांच्या आसपास.

हे सगळं नाना स्थिर असतील तोवर. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लटकं पडायला लागलं, तर योजना, पॉलिसी, एफडी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.