खुब्याच्या सांध्यासाठी टायटॅनियम की कोबाल्ट-क्रोम? धातू जितका कडक तितकं हाड सुरक्षित, असं नसतं का?

तुमच्या आईंना खुब्याचा सांधा बदलताना डॉक्टरांनी सिमेंटशिवाय (म्हणजे हाडात पक्कं बसवायचा खास लगदा न भरता) बसवायचा टायटॅनियमचा दांडा सुचवलाय (दांडा म्हणजे कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा भाग, त्याच्या वर सांध्याचा गोळा बसतो), आणि त्याहून कडक धातू मिळत असताना हा कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. इम्प्लांट आणि हाड यांच्यातले ताण कॉम्प्युटरवर काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्या बाजूनं सांगतो.

घरात स्टीलची आणि प्लास्टिकची पट्टी असेल तर दोन्ही एकमेकींवर ठेवून रबरबँडनं बांधा आणि वाकवून बघा. सगळा जोर स्टीलवर येतो, प्लास्टिकची पट्टी नुसती सोबत वाकते. मांडीच्या हाडात दांडा बसवल्यावर हेच होतं. हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक, आकडा मोठा तितका पदार्थ ताठ), टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. चालताना खुब्यावर वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीडशे किलो. त्यातला मोठा वाटा दांडाच उचलतो.

आणि हाडाला भार लागतोच. जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार गेला की ते विरळ होतं. माझ्या वडिलांचे दोन एक्स-रे माझ्याकडे आहेत, एक ऑपरेशननंतरचा आणि एक बऱ्याच वर्षांनंतरचा. पहिल्यात दांड्याच्या वरच्या टोकाशी, आतल्या बाजूला हाडाची कड ठळक पांढरी दिसते. दुसऱ्यात ती करडी आणि गोलसर झालीय. त्यांना दुखत काहीच नाही, बहुतेकांना दुखत नाहीच. पण पुढे पडून हाड मोडलं किंवा दांडा बदलायची वेळ आली, तर हे विरळ हाड सर्जनला फार छळतं.

मग अगदी हाडासारखा लवचिक दांडा का नको? १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये मॅथिस यांनी प्लास्टिकचं आवरण असलेला दांडा करून पाहिला. असे बरेच दांडे सैल झाले. लवचिक दांडा हाडाच्या आत बारीक बारीक हलत राहतो, आणि हलत्या पृष्ठभागाला हाड धरत नाही.

सिमेंट वापरलं की हिशेब उलटतो. हाडाचं सिमेंट फक्त २ ते ३ गिगापास्कलचं. दांडा लवचिक असेल तर सिमेंटवर ताण वाढतो, म्हणून तिथे टायटॅनियमपेक्षा स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमच बरं. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे सर्जन रॉबिन लिंग आणि इंजिनिअर क्लाइव्ह ली यांचा १९७० पासूनचा सिमेंटचा दांडा आजही स्टीलचाच आहे.

धातूइतकीच महत्त्वाची दांड्याची जाडी, आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ ऐवजी १६ मिलिमीटरचा भरीव दांडा घेतला तर तो तिपटीहून जास्त ताठ होतो. म्हणजे १६ चा टायटॅनियमचा दांडा १२ च्या कोबाल्ट-क्रोमपेक्षाही ताठ! (वरचा गोळा सिरॅमिकचा की धातूचा हा प्रश्न मुख्यतः झिजेचा, मांडीच्या हाडावरच्या ताणाशी त्याचा फारसा संबंध नाही.)

वयस्कर बायकांमध्ये मांडीच्या हाडाची पोकळी बऱ्याचदा रुंद आणि भिंत पातळ झालेली असते, आणि पोकळी रुंद असली की दांडाही जाड लागतो. म्हणून आईंचा एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांना विचारा: पोकळी किती रुंद आहे, कितव्या साइजचा दांडा लागेल, आणि हाडाची अवस्था पाहता सिमेंटचा पर्याय त्यांनी का बाजूला ठेवला.