'देवाने मला दाखवलंय' असं कोणी म्हणालं तर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थनासभेला आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रभूने मला दाखवलंय, ही नर्सिंगची नोकरी सोड आणि पूर्णवेळ सेवेत ये." तुला तिथेच रडू कोसळलं. त्याला आता अठरा दिवस झाले आणि राजीनामा द्यायचा की नाही, एवढंच तू विचारतेस. ते उत्तर प्रभूसमोर तुलाच शोधायचं आहे. पारख कशी करायची, ते मात्र सांगता येतं. तोवर एक कर, राजीनामा देऊ नकोस. देवाचं बोलावणं खरं असेल तर ते दोन महिन्यांनी शिळं होत नाही.

पारख करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, ही भीती आधी मनातून काढ. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल एका दमात तीन गोष्टी सांगतो: आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. करिंथ शहरातल्या मंडळीला तर त्याने पद्धतच घालून दिली. दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो तोलून पाहावा. म्हणजे तोलणं हा संदेशाचाच उरलेला अर्धा भाग आहे. तुझ्या बाबतीत तो अर्धा भाग झालेलाच नाही. वक्ते दुसऱ्या गावी गेले आणि तोलायला तू एकटी उरलीस.

आता बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २१ उघड. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचेच हातपाय बांधतो आणि सांगतो की, ज्याचा हा पट्टा आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. संदेश खरा होता. तो ऐकून जमलेले सगळे पौलाला रडत विनवू लागले की, तू जाऊ नकोस. पण 'जाऊ नकोस' हे शब्द अगबच्या तोंडी नाहीतच! ते प्रेमापोटी माणसांनी जोडले. पौलाने तोच संदेश ऐकला आणि तो गेला. म्हणून कोणताही संदेश आला की त्याचे तीन तुकडे कर: नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्याचा अर्थ काय आणि त्यावर काय करायचं. पहिला तुकडा देवाकडचा असूनही तिसरा माणसाचा असू शकतो. देव तुला जवळ बोलावतो आहे, एवढं त्या सभेत खरोखर घडलं असेल. पण त्यासाठी वॉर्ड सोडायलाच हवा, हा अर्थ कोणी लावला? शक्य असेल तर त्या वक्त्यांना फोन करून विचार की त्यांना नेमकं काय दिसलं होतं. प्रामाणिक माणूस शांतपणे सांगेल. विचारल्याबद्दल कोणी रागावलं, तर तेही वहीत टिपून ठेव.

पारखीची सगळ्यात नेमकी रीत मला सोळाव्या शतकातले स्पॅनिश कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे सापडते. तू कॅथलिक नसलीस तरी ती तुला उपयोगी पडेल. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोला इथल्या आपल्या घरी ते महिनोन्महिने अंथरुणाला खिळले. वेळ घालवायला त्यांना शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग मन दोन्हीकडे धावू लागलं. एका थोर स्त्रीची सेवा कशी करू, काय बोलू, यात तीन-चार तास निघून जात. कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जावं, कंदमुळं खावीत, असं वाटे. विचार चालू असताना दोन्ही सारखेच गोड होते. फरक पडायचा तो विचार ओसरल्यावर. पहिल्यानंतर मन कोरडं आणि असमाधानी, दुसऱ्यानंतर मात्र प्रसन्नता टिकून असे. एके दिवशी त्यांच्या हे लक्षात आलं आणि पुढची सगळी पारख त्यातून उभी राहिली.

म्हणून सभेत किती रडू आलं हे मी तुला विचारणार नाही. विचारेन ते हे: दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजेक्शनचा ट्रे हातात असताना, मनात काय उरलं होतं? आणि आठवड्यानंतर?

त्यांचे या विषयावरचे नियम दोन भागांत आहेत, पहिले चौदा आणि नंतरचे आठ. त्यातले चार तुझ्यासाठी, क्रम माझा.

पहिला: देवाच्या वाटेवर चालू पाहणाऱ्या माणसाला चांगला आत्मा हलकेच स्पर्श करतो, स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा. वाईटाचा स्पर्श दगडावर थेंब आपटावा तसा आवाज करत येतो. घाई, धडधड, 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही त्याची भाषा. पण पापात रमलेल्या माणसाच्या बाबतीत हे नेमकं उलटं होतं. तिथे खोटी शांती सैतानाची असते आणि बोचणी देवाची. त्यामुळे 'मला शांती वाटतेय' एवढ्यावर भागत नाही. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, ते आधी प्रामाणिकपणे पाहावं लागतं.

दुसरा नियम तुझ्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याचा. कधीकधी देव एकदम, काही कारण नसताना मन भरून टाकतो. तो क्षण त्याचा. पण त्यानंतर ऊब राहते आणि त्या उबेत आपण स्वतःचे बेत आखू लागतो. हे बेत त्या क्षणाइतकेच पवित्र वाटतात, आणि फसगत इथेच होते. सभेतले ते अश्रू आणि घरी परतताना बसमध्ये ठरवलेला राजीनामा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत त्या वेगवेगळ्या लिही.

तिसरा: मन शुष्क असताना, प्रार्थना नकोशी वाटत असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी. अर्धा तास बसत असशील तर पस्तीस मिनिटं बस.

चौथा, गुप्ततेचा. सैतानाला सगळं झाकून ठेवायला आवडतं. 'हे पाळकांना सांगू नकोस, आईला कळणार नाही' असं कोणी बजावलं, की सावध हो. त्यात पैशाची मागणी मिसळली असेल तर तो संदेश तिथेच बाजूला ठेव.

आता रोजचं काम. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं. तुझी नाइट असेल तेव्हा रात्रीचा हट्ट धरू नकोस, सकाळी घरी येऊन अंघोळ-नाश्ता झाल्यावर बस. पहिली तीन मिनिटं आभार, आणि तेही ठोस: अमुक पेशंटचा ताप उतरला, सिस्टरांनी चहा दिला. मग मिनिटभर पवित्र आत्म्याकडे प्रकाश माग. पुढची सात मिनिटं दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ दे. कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं, कोणाशी तुटक बोललीस? दोन मिनिटं क्षमा, दोन मिनिटं उद्यासाठी मागणं. शेवटी वहीत चार ओळी, त्याहून जास्त नकोत, नाहीतर आठवड्यात कंटाळून सोडून देशील. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातली आत्म्याची नऊ फळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. सेवेचा विचार आला त्या दिवशी यातलं काय वाढलं, काय आटलं, ते टिपत जा.

इथे हमखास चुका होतात. भरून आलेल्या दिवशीच लोक वही काढतात आणि कोरडे दिवस नोंदीतून गळतात. काही जण डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानतात. बायबलमधल्या गिदोनाने लोकरीवर दव पडण्याची खूण देवाकडे मागितली होती, ती आठवून 'उद्या फोन आला तर हो' अशी खूण मागतात. गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती, लोकर त्याच्या भित्रेपणासाठी होती. आणखी एक चूक नर्सच्या लगेच लक्षात यावी. सलग चार नाइट झाल्यावर वाटणारं रितेपण ही आधी झोपेची उणीव असते, आत्मिक शुष्कता नंतर. आणि दोन आठवडे सलग उदासी राहिली, भूक-झोप गेली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर पारख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी.

चार आठवड्यांची वही झाली की एक कोरा कागद घे आणि चार रकाने पाड: नोकरी सोडण्याचे फायदे, तोटे, न सोडण्याचे फायदे, तोटे. घरचं कर्ज, भावाची फी, अनुभवाचा दाखला, सगळं त्यात येऊ दे. पैशाचा विचार केला म्हणून विश्वास कमी होत नाही. मात्र त्याआधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायची प्रार्थना कर. काटा आधीच झुकलेला असेल तर रकानेही तिकडेच भरतात. 'सेवा' म्हणताना वॉर्डातल्या कटकटीतून सुटका हवी आहे का? की घरच्यांना दुखवायची भीती वाटते म्हणून नोकरी धरून ठेवावीशी वाटते? दोन्ही तपास. मग कल्पना कर की, तू कधी न पाहिलेली, पण जिचं भलं व्हावं असं तुला मनापासून वाटतं, अशी एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली आहे. तिला काय सांगशील? आणि मरणाच्या घटकेला आज कोणता निर्णय घेतला असावा असं वाटेल?

दुसऱ्याचं बोलावणं आपलं म्हणून उचलायची घाई नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं लागली, आणि त्या आल्या तेव्हा स्वतःच्या पायांनी आल्या.

जे ठरेल ते कोणालाही न सांगता दहा दिवस प्रार्थनेत देवापुढे ठेव, हा निर्णय घेतलाच आहे असं समजून वाग आणि फळं पाहा. फक्त ही दहा दिवसांची शांतता आणि वरची गुप्तता एक नव्हेत: पाळकांना आणि मला हे सगळं माहीत असू दे. बायबलमधला वृद्ध याजक एली जवळ होता म्हणून लहानग्या शमुवेलाला देवाची हाक ओळखता आली.

वही आजच घे, साधी शंभर पानी पुरे. चार आठवड्यांनी ती घेऊन ये. सुट्टी कधी ते आधी कळव.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो आहोत.