मुंबई-न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

मे महिना जवळ आला की मुलानातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्यांची तीच ती पत्रे येतात. म्हणून उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती?
सुमारे १२,५०० किलोमीटर.

प्रश्न : ताशी ९०० किलोमीटरने हिशेब केला तर चौदा तास होतात. तिकिटावर सोळा कसे?
१२,५०० हे पृथ्वीच्या गोलावरचे कमीत कमी अंतर. विमानाला तोच मार्ग मिळेल असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसे वाढले. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे येण्याचे तास कमी. छापील वेळेत धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. कंपन्या वर थोडी मोकळीक ठेवतात आणि मग ‘वेळेआधी पोहोचलो’ म्हणून मिरवतात.

प्रश्न : रात्री एकला निघून सकाळी साडेसातला पोहोचतो. मग प्रवास साडेसहा तासांचाच ना?
नाही. दोन्ही वेळा स्थानिक आहेत. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा.

प्रश्न : परतताना मुंबई-नागपूर तिकीट वेगळे काढले, स्वस्त पडले. मध्ये दोन तास आहेत. एजंट म्हणतो पुरतील. बॅगा थेट नागपूरला जातात, असे नात्यातले सांगतात.
एजंटाचे कमिशन मिळून गेले आहे, विमान चुकले तर तुमचे चुकणार! बॅगा थेट जात नाहीत. परदेशातून आल्यावर मुंबईतच इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा उचलणे, कस्टम्स, मग पुन्हा चेक-इन. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पुढचे विमान टर्मिनल १ वरून असेल तर बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा तिकिटावर कोणता आहे ते नीट वाचा. आणि मुख्य गोष्ट : तिकिटे दोन, म्हणजे करार दोन. पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे काही देणेघेणे नसते. नवे तिकीट त्या दिवशीच्या दराने तुम्हीच घ्यायचे. काही संकेतस्थळे अशी दोन तिकिटे एकाच ओळीत ‘एकूण प्रवास २१ तास’ म्हणून दाखवतात. पैसे भरण्यापूर्वी पीएनआर एकच आहे ना, हे कंपनीला फोन करून विचारा. तुमचे तिकीट निघालेच आहे, तर बदलाचे शुल्क आजच विचारा आणि नागपूरचे विमान दुसऱ्या दिवशीचे घ्या.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झाले. सोळा तास बसता येईल?
हे मी ठरवायचे नाही. फार वेळ बसून पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, ऑपरेशननंतर जास्तच. तिकीट काढण्याआधी सर्जनना विचारा. शेजाऱ्यांनी सुचवलेली रक्त पातळ करणारी गोळी परस्पर देऊ नका. व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदवा.

प्रश्न : युरोपात विमान बदलायचे आहे. ट्रान्झिट व्हिसा लागेल?
देश, पासपोर्ट आणि हाती असलेले व्हिसे यांवर अवलंबून आहे. नियम बदलत राहतात. मागच्या वर्षी कोण कसा गेला, हे ऐकू नका. त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहा आणि विमान कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या.